कुलूप कुणी लावलं

"कुलूप कुणी लावलं?"

दादांनी अजून बॅग खाली ठेवली नव्हती, बूट काढले नव्हते, जिन्याने लागलेली धापही ओसरली नव्हती, आणि तोंडातून पहिला शब्द हा. वर्षभरात ज्या माणसाने या दारात पाऊल टाकलं नाही, त्याला दाराची एवढी काळजी. धाकटीने नुकतंच आतून कुलूप काढलं होतं आणि किल्ली तिच्या बोटाला लोंबत होती, म्हणजे 'कुणी' हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

"मी," धाकटी म्हणाली. "या आत."

"भरदिवसा आतून कुलूप. काय, वाघ पाळलाय?"

"नाही. तुमची आई आहे."

धाकटी म्हणजे धाकटी सून, भाऊची बायको. लग्न होऊन आली त्या दिवशी माईने तिला या नावाने हाक मारली आणि तेच चिकटलं. ती बाजूला झाली. दादा बाकावर बसले आणि नाड्या सोडता सोडता बोलत राहिले. पुलांच्या भेगा तपासणारा हा मोठा इंजिनिअर कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे बघायचा. आज त्यांनी थेट स्वयंपाकघरात बघितलं. शेगडीची बटणं काढून ठेवलेली होती.

"म्हणजे हेही खरं आहे. औषधवाला फोनवर सांगत होता तेव्हा मला वाटलं, मीठमसाला लावतोय."

औषधवाल्याचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. त्याच्या काउंटरवरून यांची खिडकी सरळ दिसायची आणि गिऱ्हाईक नसलं की तो ती खिडकी बघत बसायचा, लोक पेपर वाचतात तशी, वरपासून खालपर्यंत. परवा त्यानेच दादांना फोन केला. तुमच्या आईला कोंडून ठेवतात, खिडकीतून हाका मारते, बघवत नाही.

दादांनी खिशातून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली आणि वर स्वतःचा चष्मा ठेवला, जणू ती उडून जाणार होती.

"संध्याकाळची गाडी आहे. माईला मी घेऊन जातोय. चर्चा नको."

धाकटीच्या डोक्यात एका क्षणात दोन गोष्टी आल्या. एक, दादांचा तो उंचावरचा फ्लॅट. नवराबायको दोघं दिवसभर कामावर, अनोळखी बाल्कनी, आणि दाराला साधं लॅच, माई हात लावेल आणि बाहेर पडेल. दुसरी गोष्ट अशी, की न्या. खरंच न्या. मला एक रात्र सरळ झोपू द्या. या दुसऱ्या गोष्टीची तिला लाज वाटली, लाज वाटल्याचा राग आला, आणि तो राग तिने हातातल्या ओल्या फडक्यावर काढला. फडकं पिळवटून पिळवटून कोरडं झालं.

"चर्चा नको म्हणता, मग विचारता कशाला कुलूप कुणी लावलं ते?"

"धाकटे, आवाज खाली," सोफ्यावरून ताई म्हणाली. ताई म्हणजे दादांच्या पाठची, एका शाळेची मुख्याध्यापिका. सकाळीच येऊन बसली होती आणि तेव्हापासून कुणाची बाजू घ्यायची ते ठरवत होती. "दादा एवढा प्रवास करून आलाय."

"मी कुठेच जाऊन आले नाही, ताई. माझा प्रवास या दारापासून त्या बाथरूमपर्यंत. म्हणून मला आवाज नसावा का?"

फ्रिजला टेकून भाऊ उभा होता. दुकान मधेच बंद करून आला होता. चपलाबुटांच्या खोक्यांत सगळं आयुष्य गेलेला हा माणूस शेल्फवरच्या बुटाइतकाच गप्प होता. धाकटीने त्याच्याकडे बघितलं. तो फ्रिजकडे बघत होता.

"अहो, सांगा ना त्यांना. त्या दिवशीचं सांगा."

"म्हणजे... ती जरा बाहेर गेली होती," भाऊ म्हणाला.

"जरा बाहेर." धाकटीने फडकं ओट्यावर आपटलं. "दादा, माई पहाटे उठून दुकान उघडायला गेली. आपलं आत्ताचं नाही, कोपऱ्यावरचं जुनं, जे सोडून जमाना झाला. तिथे आता मोबाइलवाला आहे. त्याच्या शटरच्या कुलपात ही आपल्या कपाटाची किल्ली घालत होती. त्याने चोर म्हणून आरडाओरडा केला. मी पोचले तेव्हा पायरीवर बसली होती आणि पायात काही नव्हतं. जिने आख्ख्या गावाच्या पायात घातलं, तिचे तळवे फुटले होते. आता सांगा, कुलूप कुणी लावायला पाहिजे होतं?"

दादा क्षणभर थांबले. पण तिकिटं काढलेला माणूस फार वेळ थांबत नाही.

"म्हातारं माणूस कधी चुकतं. मीही चुकतो. म्हणून कुणी मला कोंडत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

माई बाहेर आली ती अशी, की दादांना वाटलं आपण उगीच दोन दिवस काळजी केली. केस घट्ट विंचरलेले, पाठ सरळ, डोळ्यांत तीच चमक. तिच्या कोपराला धरून टकळी होती, भाऊची मुलगी, नववीतली. तोंड थांबत नाही म्हणून टकळी. आत्ता मात्र ते बंद होतं आणि त्यामागे दात घट्ट आवळलेले दिसत होते.

"या, या," माई म्हणाली. "किती दिवसांनी. उन्हाचे आलात ना? बसा. पाणी आणा गं कुणीतरी."

ही माईची जुनी रीत. दुकानात तोंडी बसलेलं 'या, बसा' घरातही सुटायचं नाही. पोटच्या पोरांनाही ती निम्म्या वेळा अहोजाहो करायची आणि लहानपणी तिघं त्यावरून तिला चिडवायचे.

"घरचे कसे आहेत?" माईने विचारलं.

"मजेत. तुझी नात कॉलेजात गेली यंदा."

"अरे वा. मुली काय, बघता बघता मोठ्या होतात. आणि कामकाज?"

"जोरात. एका मोठ्या पुलाचं चाललंय."

"काम असलं म्हणजे बरं. पण तब्येतीला जपा. जरा वाळलात."

जरा वाळलात. दादांचं पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं, तरी कुठल्या मुलाला हे ऐकून बरं वाटत नाही? त्यांनी माईचा हात हातात घेतला आणि बाकीच्यांकडे वळले. आणि हातातल्या मऊ हातामुळे आतला राग उलट जास्तच पेटला.

"ही? हिला तुम्ही वेडी ठरवलंय?"

"वेडी हा शब्द तुमचा," धाकटी म्हणाली. "या घरात तो कुणी काढलेला नाही."

"मग काय आहे? दर रविवारी मी बोलतो हिच्याशी. दर रविवारी. असंच. एक वाक्य चुकत नाही. तिला काही आठवत नाही म्हणता, आणि मला वाळलात म्हणतेय ती. तुम्हाला ती घरात नकोय एवढंच आहे. मग सरळ बोला. डॉक्टरांचं कागदी नाव कशाला चिकटवता तिला?"

"मलाही सकाळपासून तसंच वाटतंय," ताई म्हणाली. तिचं ठरलं होतं. "माझ्याशी किती छान बोलली."

धाकटीने पाण्याचा पेला आणून दादांच्या समोर ठेवला, तोही इतक्या जपून, की आपटला असता तर बरं झालं असतं असं भाऊला वाटून गेलं.

टकळीला मात्र आता राहवेना.

तिला ती सगळी वाक्यं पाठ होती. सुट्टीत ती दुकानात बसायची आणि माईनेच तिला शिकवलं होतं, गिऱ्हाईक दारातून आत आलं आणि ओळख पटली नाही तर काय करायचं. नाव कधी विचारायचं नाही, माणूस दुखावतो. म्हणायचं, या या, किती दिवसांनी. मग म्हणायचं, घरचे कसे आहेत. घर प्रत्येकाला असतंच, तो बोलायला लागतो, आणि बोलता बोलता स्वतःच सांगून टाकतो आपण कोण ते. शेवटी तब्येतीला जपा, जरा वाळलात. वाळलात म्हटल्यावर जाडा माणूस जास्त खूश होतो आणि एक जोड जास्त घेतो.

ही युक्ती माईने आधी दादांना शिकवली होती, मग ताईला, मग भाऊला. तिघंही त्या काउंटरमागे वाढले होते. आणि तिघांपैकी दोघांना समोर बसून ती ओळखू येत नव्हती.

"मोठे काका," टकळी म्हणाली, "ती तुम्हाला गिऱ्हाईक समजतेय."

"टकळे, मोठ्यांच्या मधे बोलू नकोस."

"मग मोठ्यांपैकी कुणी बोलेल का? बाबा बोलत नाहीत. आईचं तुम्ही ऐकत नाही. उरलं कोण, फ्रिज?"

भाऊ फ्रिजपासून दूर झाला.

"डॉक्टरीणबाईंनी माईच्या मेंदूचा फोटो दाखवला," टकळी सुटली ती सुटलीच. "दोन्ही कानांच्या आत, खोलवर, एक एक छोटा भाग असतो, समुद्रघोड्यासारखा वळलेला. आज जे घडलं ते आधी तिथे येतं आणि तिथून पक्कं होऊन बाकीच्या मेंदूत जातं. माईचा तो भाग आकसलाय. दिसतो फोटोत, मलासुद्धा दिसला. म्हणजे असं समजा, दुकानात नवा माल रोज उतरतोय, पण तो मापाप्रमाणे माळ्यावर लावणारं माणूसच नोकरी सोडून गेलंय. माल दारात पडतो आणि वाऱ्याने उडतो. माळ्यावरचा जुना माल अजून आहे, म्हणून तिला जुनं दुकान आठवतं आणि नवं आठवत नाही. पण आता माळ्यालाही वाळवी लागायला लागलीय. आणि तोंडाची सवय, हाताची सवय, ती निराळ्याच खोलीत असते. तिथे हा आजार फार उशिरा पोचतो. म्हणून ती एवढी छान बोलते. ती खोटं बोलत नाही, काका. मधे भोक पडलं की मेंदू आपला आपणच ठिगळ लावतो. तिला कळतसुद्धा नाही."

"झाला जीवशास्त्राचा तास?" दादा म्हणाले. "नववीत आहेस ना? दहावीत गेलीस की ऑपरेशनच कर."

"आणि पाहुण्यांसमोर ती जास्तच छान असते. सगळी ताकद गोळा करते. मग ते गेले की संध्याकाळी..."

"बस. पुलाला भेग पडली की मला दिसते, पोरी. तेच काम आहे माझं. इथे मला भेग दिसत नाही."

धाकटी वळली. "पुलाच्या भेगा तुम्ही फोनवरून तपासता का हो, दादा? दर रविवारी?"

माई सगळ्यांकडे आळीपाळीने बघून हसत होती. गिऱ्हाइकांची आपसात जुंपली की दुकानदार हसतो तसं, मधे न पडता.

आणि ताईला सकाळ आठवली.

सकाळी ती आली तेव्हा माई म्हणाली होती, या या, किती दिवसांनी. आणि मग, घरचे कसे आहेत. ताईला घरचं आता कुणी नव्हतं. नवरा गेल्यापासून त्या मोठ्या घरात ती, तिच्या वह्या आणि एक न चालणारा टीव्ही. माईला हे माहीत होतं. नवरा गेला तेव्हा माईच येऊन राहिली होती तिच्याजवळ, रात्रभर पाठीवरून हात फिरवत. सकाळी तो प्रश्न ऐकून ताईला टोचलं होतं, पण तिने म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला आठवण द्यायची, आणि बरे आहेत म्हणून टाकलं. माई म्हणाली, छान. तब्येतीला जपा.

ताईचे कान तापले. आपल्या शाळेतल्या मुलीने पाठांतर म्हणून दाखवलं असतं तर आपण एका वाक्यात पकडलं असतं.

"दादा," ती उठली. "आपण विचारूया तिला. सरळ. हा कोण ते. एक प्रश्न, एक उत्तर, भांडण मिटेल." आणि ती माईसमोर वाकली. "माई, मला सांग, हा तुझ्या शेजारी बसलाय तो..."

"ताई, नाही." धाकटी मधे येऊन उभी राहिली. "परीक्षा घ्यायची नाही."

"अगं, तुझ्याच बाजूने विचारतेय मी."

"कळलं मला. तरी नाही. डॉक्टरीणबाई वर्ष विचारतात, वार विचारतात, तेव्हा ती माझ्याकडे बघते. फळ्याजवळ उभं केलेल्या मुलीसारखी. घाम फुटतो तिला. तिला उत्तर येत नाही हे तिला कळतं, तेवढं अजून कळतं. तिला चारचौघांत उघडं पाडून मला खरं ठरायचं नाही."

"बघ," दादा हसले, ते हसू बरं नव्हतं. "प्रश्नच विचारू देत नाही. का देत नाही? उत्तर येईल म्हणून."

टकळीला ओरडावंसं वाटलं. एक प्रश्न. एका प्रश्नात आई जिंकली असती. ती आईकडे बघत राहिली. आई हलली नाही. टकळीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचा इतका राग आला आणि पहिल्यांदाच ती इतकी उंच दिसली. दोन्ही एकदम. त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

"चल माई," दादा उठले. "निघायचं आपण. चप्पल घाल. कुठे आहे तिची चप्पल?"

चप्पल हा शब्द ऐकल्याबरोबर माईची नजर खाली गेली. दादांच्या पायांवर. पायमोज्यातले रुंद पाय, फरशीवर जरा फाकलेले.

"बसा की," माई म्हणाली. "उभ्याने माप कसं घेणार?"

"माप?"

"बसा, बसा. घाई केली की टाच मार खाते."

दादा बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माईने कोपऱ्यातलं ठेंगणं स्टूल पायाने ओढून घेतलं, ज्या सफाईने हजार वेळा ओढलं असेल तसं, आणि त्यांच्यासमोर बसली. दादांचा डावा पाय उचलून तिने आपल्या मांडीवर ठेवला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत वीत ठेवली. मग उजवा. मग पुन्हा डावा. बोटं चवड्यावरून फिरली, करंगळीपाशी थांबली, तिथला जुना घट्टा चाचपला. हात जराही कापत नव्हते.

"डावा मोठा आहे," ती म्हणाली.

"हो, माई," दादा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आहेच. तुला माहीत आहे."

"असा पाय फार कमी बघायला मिळतो. माझ्या थोरल्याचा अगदी असाच. डावा मोठा. कुठला जोड त्याला होईल तर शपथ. दोन खोकी फोडावी लागायची, एका मापाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा. यांच्याकडून बोलणी खायची मी त्यावरून." ती आपल्या नवऱ्याविषयी बोलत होती, कधीच वारलेल्या. "उरलेले दोन मी माळ्यावर ठेवते जपून. कधीतरी उलट्या पायाचं गिऱ्हाईक येईलच की."



"हुशार आहे थोरला," माई पाय दाबत म्हणाली. "लांब असतो. यायचाय. येतो म्हणालाय. आला की भेटवते तुम्हाला. त्याच्या पायाशी पाय लावून बघा, फरक दिसणार नाही."

दादांनी पाय काढून घेतला नाही. मांडीवर तसाच राहू दिला. माईने मग बाकाखालून त्यांचेच बूट ओढले, आतून बाहेरून बघितले, पायात चढवले, नाड्या बांधल्या आणि हात झटकत उठली.

"चालून बघा. पहिले दोन दिवस जरा धरेल. मग पायाचाच होईल."

आणि दादा, पन्नाशी कधीच उलटलेला तो इंजिनिअर, खरोखर उठले आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

"होतोय ना?"

"होतोय," दादा म्हणाले.

"मग बांधून देते. घरच्यांना नमस्कार सांगा."

टकळी माईला आत घेऊन गेली. दार लागलं. आणि दादांचा राग, ज्याला आता कुठे जायला जागा उरली नव्हती, तो भाऊवर कोसळला.

"मला सांगितलं का नाहीस? तू. तू माझा भाऊ आहेस. दर आठवड्याला विचारतो मी, माई कशी आहे. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. हे ठीक आहे?"

भाऊ पहिल्यांदाच वर बघून बोलला.

"सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात. तू म्हणालास, दुकान एकट्याच्या नावावर करायचं असेल तर सरळ बोल, आईला आजारी कशाला पाडतोस. असं म्हणालास. त्यानंतर मी ठीक आहेच म्हणतो."

"मी असं..."

"म्हणालास."

दादांनी ताईकडे बघितलं. ताईने मान फिरवली नाही, पण मदतही केली नाही. "मलाही तू तेच पटवलं होतंस, दादा," ती म्हणाली. "आणि मी पटवून घेतलं. सोयीचं होतं ना. नाहीतर मला दर रविवारी यावं लागलं असतं."

धाकटी खुर्चीत बसली होती. सगळे आपल्या बाजूला आले की माणसाला आनंद व्हावा. तिला होत नव्हता. एवढे महिने साठवलेला राग असा एका दुपारी कुणी कबूल केलं म्हणून उतरत नाही, उलट आता त्याला बसायला ऐसपैस जागा झाली होती.

"मी तिकिटं परत करतो," दादा म्हणाले. "तू म्हणशील तसं, धाकटे. माफ कर म्हणणार होतो, पण..."

"पण कशाला? म्हणा की."

"माफ कर."

"ऐकलं." ती उठली, किल्ली त्यांच्या समोर टेबलावर ठेवली, तिकिटांवर, चष्म्याशेजारी. "आता मी झोपते. टकळीच्या खोलीत, दार लावून. मला उठवायचं नाही. अहो, तुम्ही दुकान उघडा. टकळे, तू आत्यांबरोबर त्यांच्याकडे जा, अभ्यास कर. ही संध्याकाळ दादांची."

"एकट्याची?" दादांनी विचारलं.

"रोज माझ्या एकटीची असते. तुम्ही तर पूल सांभाळता."

जाता जाता टकळी दारात थांबली. "काका, ती चिडली तर समजावू नका. खरं खोटं करत बसू नका. आणि उजेड कमी व्हायच्या आधी दिवे लावा. सावल्यांना घाबरते ती."

दादांनी मान हलवली. पण उन्हं कलली तेव्हा ते खुर्चीत बसून माळ्यावरच्या त्या दोन बेजोड बुटांचा विचार करत होते, आणि दिवे लावायचे राहून गेले.

माई बाहेर आली ती निराळीच. दुपारची ताठ पाठ कुठे गेली कोण जाणे. हातात कपाटाची किल्ली होती, पाय अनवाणी होते, आणि ती सरळ दाराकडे निघाली.

"माई, कुठे?"

"दुकान उघडायचंय. उशीर झालाय. बाजूला व्हा."

"अगं, भाऊ गेलाय दुकानात. तू बस. मी चहा करतो."

चहा करायला शेगडीला बटणं लागतात हे त्यांना तेव्हा आठवलं. आणि सगळे बाहेर गेल्यावर धाकटीने दाराला नुसती कडी लावली होती, हे त्यानंतर. माईने कडी काढली होती. दार उघडलं होतं, जिना अंधारा होता आणि तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर. दादांनी झेप घेऊन तिला आत ओढलं. फार जोरात ओढलं. ती किंचाळली.

"कोण तुम्ही? सोडा मला. पोरं शाळेतून येतील माझी. हात सोडा."

"माई, मी आहे. मी तुझा थोरला."

"माझा थोरला नववीत आहे." माईने त्यांच्याकडे असं बघितलं की दादा एक पाऊल मागे सरले. मग तिने हात उगारला आणि त्यांच्या गालावर लावला, पूर्ण ताकदीनिशी, लहानपणी कधी लावला नव्हता तसा. "लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बाईला धरता?"

दादांनी दार ओढून घेतलं. टेबलापाशी गेले. किल्ली उचलली. टकळीच्या खोलीचं दार बंद होतं आणि ते ठोठावायला त्यांचा हात एकदा वर गेला, मग खाली आला. त्यांनी कुलूप कडीत अडकवून दाबलं. ते लागल्याचा आवाज एवढा मोठा होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

माई खिडकीकडे धावली. गज धरून ओरडायला लागली, अहो कुणी आहे का, कोंडलंय मला, हा माणूस कोण आहे मला माहीत नाही. रस्त्यापलीकडे औषधवाला काउंटरवरून वाकला, वर बघितलं, मग खाली वाकून फोन उचलला.

दादांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी बघितलं, नंबर ओळखीचा होता. ते माईच्या मागे येऊन उभे राहिले, तिच्या डोक्यावरून खाली बघत. औषधवाल्याला अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"साहेब, तुम्ही म्हणालात ना, पुन्हा काही झालं तर लगेच कळवा," फोनवर तो कुजबुजत होता. "पुन्हा कोंडलंय हो त्यांना. आज तर कुणी परका पुरुष दिसतोय घरात. मी म्हणतो, हे कुलूप लावलंय तरी कुणी?"

माईच्या मुठी गजांवर आपटत होत्या. दादांनी मोकळा हात तिच्या आणि गजांच्या मधे घातला, लागलं तर आपल्याला लागावं म्हणून, आणि तिने तो चावला.

"मी," दादा फोनवर म्हणाले. "मीच लावलंय."